डावे-उजवे : जुना स्टिरिओ रिसीव्हर घरी दुरुस्त करताना

प्रस्तावना

जुना स्टिरिओ रिसीव्हर मुका होतो तेव्हा त्यातल्या शेकडो सुट्या भागांपैकी बहुधा एखाददुसराच बिघडलेला असतो. कुठे स्विचच्या पात्यावर काळपट थर चढलेला असतो, कुठे छोट्या कपॅसिटरमधला द्रव सुकलेला असतो, कुठे ट्रान्झिस्टरचा पाय ड्राय सोल्डरमुळे सैल झालेला असतो. बाकीचा सगळा संच पुढची कित्येक वर्षे चालायला तयार असतो. जाड ॲल्युमिनियमची दर्शनी पट्टी, काही किलो वजनाचा ट्रान्सफॉर्मर, निगुतीने बांधलेले तारांचे जुडगे, यांतल्या कशालाच काही झालेले नसते. तरीही असे संच भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातात. भाग महाग असतात म्हणून नव्हे, तर नेमका कोणता भाग गेला आहे हे शोधायला कोणाकडे वेळ नसतो म्हणून. दुकानदाराला तो वेळ परवडत नाही. घरी बसून काम करणाऱ्याकडे मात्र तोच भरपूर असतो. या पुस्तकाची बहुतेक पाने दोष शोधण्यावर खर्च झाली आहेत, भाग बदलण्यावर थोडीच. हे प्रमाण मुद्दाम ठेवले आहे. ते तसे का ठेवले, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

रिसीव्हर म्हणजे तीन यंत्रे एका पेटीत. पहिला ट्यूनर : रेडिओलहरी पकडून त्यांतून आवाजाचा संदेश वेगळा काढणारा. दुसरा प्रीॲम्प्लिफायर : रेकॉर्ड प्लेअर, टेप किंवा ट्यूनरकडून आलेला क्षीण संदेश निवडून त्याला आकार देणारा. आवाज, बास, ट्रेबल, बॅलन्स ही बटणे त्याची. तिसरा पॉवर ॲम्प्लिफायर : त्या संदेशाला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणारा. या तिघांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय हे चौथे अंग. त्याच्याकडे लक्ष सर्वांत शेवटी जाते आणि दोष मात्र पुष्कळदा तिथेच निघतो. अमेरिकेत १९६१ मध्ये एफएम स्टिरिओ प्रक्षेपणाला परवानगी मिळाली आणि डाव्या-उजव्या आवाजासाठी दोन-दोन ॲम्प्लिफायर असलेल्या अशा एकत्रित संचांना घराघरांत जागा मिळू लागली. पायोनियर, सान्सुई, यामाहा आणि परदेशात केनवुड या नावाने विकणारी ट्रायो, या जपानी कंपन्यांनी पुढच्या दीड दशकात त्यांच्यावर कळस चढवला. मॅरेंट्झ हे नाव मूळचे अमेरिकन. १९६४ मध्ये ती कंपनी सुपरस्कोपकडे गेली आणि पुढे तिचेही रिसीव्हर जपानमध्ये बनू लागले.

१९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक नियम केला. त्याचे फळ आपण आजही उपभोगतो आहोत. तोवर कंपन्या ॲम्प्लिफायरच्या ताकदीचे मनमानी आकडे छापत. नव्या नियमाने सांगितले, की वॅटचा आकडा जाहीर करायचा तर दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून मोजा, आणि मोजण्याआधी संच एक तृतीयांश ताकदीवर तासभर तापवा. एक तृतीयांश ताकदीवर असा ॲम्प्लिफायर फार उष्णता सोडतो. त्या तासाभरात टिकायचे तर भक्कम ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर आणि रुंद हीटसिंक लागतात. ते सगळे आले. १९७८ चा पायोनियर एसएक्स-१९८० प्रत्येक चॅनेलला २७० वॅट देणारा आणि ३५ किलोच्या घरातला. पण दुरुस्ती करणाऱ्याला खरे सुख मधल्या आकाराच्या संचांत आहे. मॅरेंट्झ २२३०, २२४५, २२७० हे त्यांतले. मॉडेलच्या क्रमांकातले शेवटचे दोन आकडे म्हणजे दर चॅनेलचे वॅट. आत हात फिरवायला जागा, सुटे ट्रान्झिस्टर, वाचता येतील अशी अक्षरे छापलेले बोर्ड. हे संच दुरुस्त करता यावेत म्हणूनच असे रचले होते. प्रत्येक मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल कंपनी छापत असे. त्यात पूर्ण सर्किट, सर्किटवर जागोजागी किती व्होल्ट असायला हवेत याचे आकडे, भागांची यादी आणि कोणता ट्रिमर किती फिरवायचा याच्या सूचना असत. आजच्या कोणत्या उपकरणाबरोबर असा नकाशा मिळतो?

आपल्याकडे हे संच दुकानांतून फारसे आले नाहीत. आयातीवर निर्बंध होते, जकात जबर होती. ते माणसांबरोबर आले : आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून, बोटीवर काम करणाऱ्या कोकणी खलाशांच्या आणि गोव्याच्या तारवटींच्या ट्रंकांतून, अमेरिकेहून परतलेल्या नातेवाइकांकडून. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात आज जे दिसतात ते बहुतेक अशाच घरांतून निघालेले. या प्रवासाचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. जपानमधल्या बाजारासाठी बनलेला संच १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेसाठी बनलेला १२० चा. आपली वीज २३० व्होल्टची. इतर देशांत निर्यात करायच्या अनेक मॉडेलना मागच्या बाजूला व्होल्टेज निवडायची चकती असते, पण ती कोणत्या खुणेवर आहे हे पाहिल्याशिवाय प्लग लावायचा नाही. चकती नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. १२० व्होल्टचा संच थेट आपल्या सॉकेटमध्ये गेला तर नशीब असेल तर फ्यूज जातो, नसेल तर ट्रान्सफॉर्मरचे वेटोळेच जळते. आणि त्या मॉडेलचा दुसरा ट्रान्सफॉर्मर मिळणे हे या सगळ्या उद्योगातले सर्वांत अवघड काम आहे.

जपानी बाजारातल्या संचाची आणखी एक अडचण म्हणजे त्याचा एफएम पट्टा तेव्हा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच होता. मुंबईत एफएम गोल्ड १००.७ वर आणि एफएम रेनबो १०७.१ वर लागते. म्हणजे असा ट्यूनर पूर्ण निरोगी असला तरी इथे जवळजवळ गप्पच राहणार. अनेकांनी असे संच ‘रेडिओ खराब’ म्हणून स्वस्तात विकले आहेत. आपल्याकडे एफएम प्रक्षेपण १९७७ मध्ये मद्रासला सुरू झाले. मुंबई-दिल्लीत आकाशवाणीने एफएमचे तास खासगी कंपन्यांना द्यायला सुरुवात केली ती १९९३ मध्ये. त्यामुळे सत्तरच्या दशकात इकडे आलेल्या रिसीव्हरचा एफएमचा काटा वर्षानुवर्षे कोणी हलवलाच नव्हता. डायलचा दोरा कडक होऊन तुटतो, चाकाची चरबी घट्ट होते, ती यामुळेच.

आणि हवा. कोकणपट्टीतली खारट, दमट हवा रिलेच्या टोकांवर आणि ट्रान्झिस्टरच्या पायांवर काम करते. उबदार पेटीत पाली, झुरळे आणि उंदीर मुक्कामाला येतात. शिवाय आपल्या घरांत संचावर भरतकामाचा रुमाल घालायची पद्धत होती. नेमका तो वरच्या जाळीवर पडतो, जिथून गरम हवा बाहेर पडायला हवी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान साधारण १० अंशांनी वाढले की निम्मे होते. त्या रुमालाने किती कपॅसिटर सुकवले असतील, याचा विचार करून वाईट वाटते.

आता मुख्य मुद्दा. जुना संच हाती आला की सगळे कपॅसिटर एकदम बदलून टाकायचे, असा एक सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. त्याची कारणे व्यवहारातली आहेत. साठ-सत्तर भाग एकापाठोपाठ काढून घालताना एखादा उलटा बसतो, एखाद्या जागी बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते, एखादा सांधा कच्चा राहतो. आधी संचात एक दोष होता, आता तीन झाले, आणि मूळचा दोष कोणता होता हेही कळायचा मार्ग बंद झाला. शिवाय दोष कपॅसिटरमध्ये नसून विटलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये असेल तर एवढी मेहनत करूनही संच तसाच खरखरत राहतो. निप्पॉन केमिकॉन, निचिकॉन, एल्ना या कंपन्यांचे त्या काळचे मोठे फिल्टर कपॅसिटर मीटरवर मोजले तर आजही पुष्कळदा छापलेल्या किमतीइतके भरतात. सुकतात ते बहुधा छोटे, १ ते १० मायक्रोफॅरॅडचे, आणि तेही गरम रेझिस्टरच्या शेजारी बसलेले. त्यांना मोजा, वाईट निघतील ते बदला, प्रत्येक बदलानंतर संच चालवून पाहा. मोजल्याशिवाय काहीही काढायचे नाही, हा या पुस्तकाचा नियम आहे. दोष शोधताना त्याला अपवाद दोनच. पॉवर स्विचच्या दोन टोकांवर ठिणगी दाबण्यासाठी लावलेला जुना कपॅसिटर सरळ काढून त्याजागी एक्स-टू वर्गाचा नवा घालावा, कारण तो थेट मेन्सवर बसलेला असतो. आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कपॅसिटर जागेवर चिकटवायला वापरलेला पिवळसर गोंद तपकिरी झाला असेल तर तो खरवडून टाकावा. जुना झाल्यावर तो शेजारच्या भागांचे पाय खातो आणि वीजही थोडीफार वाहू देतो.

मोजायला काय लागते? चांगला डिजिटल मल्टिमीटर, हे पहिले. तापमान आवरता येणारे सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप, तांब्याची वात. मोडके-तोडके पण चालणारे दोन स्पीकर, कारण चाचणीत आपले आवडते स्पीकर पणाला लावायचे नसतात. आणि सिरीज लॅम्प. आपल्याकडे आयटीआयमध्ये शिकलेल्या प्रत्येकाने हा बोर्ड एकदा तरी बांधलेला असतो : मेन्सच्या फेजमध्ये ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब, आणि त्याच्या पुढे सॉकेट. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. अनोळखी संच पहिल्यांदा चालू करायचा तो याच्यातूनच. संच ठीक असेल तर कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर उजळतो आणि मग मंदावतो. आत शॉर्ट असेल तर तो लखलखीत जळत राहतो, आणि संचात जायचा विध्वंसक प्रवाह स्वतःच अडवतो. वर्षानुवर्षे बंद असलेल्या संचाला डिमरस्टॅटने हळूहळू व्होल्टेज वाढवत नेणे अधिक चांगले. पण डिमरस्टॅट महाग आहे, आणि बल्बाने बरेच भागते.

सुरक्षिततेचे वेगळे प्रकरण पुस्तकात आहे. तरी काही गोष्टी इथेच सांगतो, कारण प्रस्तावना वाचून थेट पेटी उघडणारे वाचक असतात. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ४०-५० व्होल्टचा साठा राहतो. तो स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडत रिकामा करायचा नाही. १००० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना दीड-दोन मिनिटे लावून ठेवायचा आणि मग मीटरने शून्याची खात्री करायची. प्लस आणि मायनस असे दोन कपॅसिटर असतात. दोन्ही रिकामे करायचे. चालू संचावर मोजताना मीटरची काळी तार क्लिपने चासीला लावून द्यायची आणि एकाच हाताने काम करायचे. घड्याळ, अंगठी काढून ठेवायची. प्रोबचे टोक दोन पायांच्या मध्ये घसरले तर एका क्षणात निरोगी ट्रान्झिस्टर जातो, म्हणून टोकाला इन्सुलेशनची नळी चढवून फक्त अग्र उघडे ठेवायचे. मेन्स जिथे येते तो फ्यूज आणि स्विचचा भाग उघडा असेल तर त्यावर पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिकचे झाकण बसवल्याशिवाय पुढे जाऊ नये. ज्यांना हे सगळे जाचक वाटते त्यांनी हे काम करू नये, असे मी मनापासून सांगतो.

पेटी उघडण्याआधी बरेच काही करता येते. आवाजच येत नसेल तर आधी समोरचे टेप मॉनिटरचे बटण पाहा. ते दाबलेले असेल तर संच जोडलेल्याच नसलेल्या टेप रेकॉर्डरकडून संदेश मागतो आणि गप्प बसतो. मग मागे पाहा. अनेक संचांत प्रीॲम्प्लिफायर आणि पॉवर ॲम्प्लिफायर यांना जोडणारे यू-आकाराचे धातूचे छोटे पूल असतात. ते हरवले, सैल झाले किंवा काळे पडले तर एक किंवा दोन्ही चॅनेल बंद. स्पीकर ए-बीचा स्विच, बॅलन्सचे बटण, मोनोचे बटण पाहा. प्रत्येक स्विच आणि प्रत्येक बटण बंद अवस्थेत वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे फिरवा. खरखर करणारा व्हॉल्यूम कंट्रोल चांगला काँटॅक्ट क्लीनर मारून पुष्कळदा पूर्ण बरा होतो. गंज सोडवायचे किंवा बिजागरीला घालायचे तेल तिथे वापरू नये. ते धूळ धरून ठेवते.

आणि आता ज्या गोष्टीमुळे हे काम घरी शक्य होते तिच्याकडे वळतो. स्टिरिओ संचात ॲम्प्लिफायरचे सगळे काही दोनदा असते. डावे चॅनेल आणि उजवे चॅनेल एकाच सर्किटच्या दोन प्रती आहेत : तेच रेझिस्टर, तेच ट्रान्झिस्टर, तेच व्होल्टेज. दोन्ही एकदम बिघडणे दुर्मीळ. मग निरोगी चॅनेल म्हणजे गणिताच्या पुस्तकात मागच्या पानावर छापलेले उत्तर. सर्व्हिस मॅन्युअल मिळाले नाही तरी अडत नाही. उजव्या चॅनेलच्या एखाद्या ट्रान्झिस्टरच्या पायावर १.२ व्होल्ट आहेत आणि डाव्या चॅनेलच्या त्याच जागी १९ व्होल्ट, एवढे कळले की आपण दोषापासून दोन-तीन भागांच्या अंतरावर असतो. यासाठी कागदावर दोन रकाने आखायचे, डावे आणि उजवे, आणि बोर्डावरच्या एकेका जागेचा आकडा समोरासमोर लिहीत जायचे. सामान्य मीटर, वही आणि चिकाटी असलेल्या माणसाला हे जमते. यासाठी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागत नाही. ट्रान्झिस्टर चालू असताना बेस आणि एमिटर यांच्यात साधारण ०.६ व्होल्ट असतात, एवढे माहीत असले तर फार दूरवर जाता येते.

मोजायच्या आधी अदलाबदल. डावीकडून आवाज येत नाही, तर मागे स्पीकरच्या तारा बदलून लावा. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर स्पीकर निर्दोष, दोष संचात. आता ते धातूचे पूल काढा आणि दोन केबलींनी प्रीॲम्पचा डावा भाग पॉवर ॲम्पच्या उजव्या भागाला, उजवा डाव्याला असा जोडा. मुकेपणा बाजू बदलतो का? बदलला तर दोष पुढच्या अर्ध्यात, म्हणजे प्रीॲम्प्लिफायरमध्ये. जागेवरच राहिला तर मागच्या अर्ध्यात, पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये. केबलींच्या एका अदलाबदलीने अर्धा संच तपासणीतून बाद झाला. झाकणाचा एक स्क्रू काढण्याआधी हे सगळे करता येते, म्हणून हे प्रकरण पुस्तकात सर्वांत आधी ठेवले आहे आणि सर्वांत लांबही झाले आहे.

संच चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टक’ असा आवाज येतो. तो संरक्षक रिले. ॲम्प्लिफायर स्थिर झाला, त्याच्या टोकाला घातक डीसी नाही, अशी खात्री पटली की तो स्पीकर जोडतो. ‘टक’ ऐकू आले नाही तर अनेक जण रिलेलाच दोष देतात. काही दुकानांत त्याची टोके तारेने कायमची जोडूनही देतात. हे फार वाईट काम आहे. रिले अडून बसला असेल तर बहुधा तो आपले कर्तव्य करत असतो : त्याच्यामागे ॲम्प्लिफायरच्या टोकावर ३०-४० व्होल्ट डीसी उभे असतात, आणि रिले नसता तर स्पीकरचे व्हॉइस कॉइल जळले असते. म्हणून ‘टक’ नसेल तर स्पीकर काढून ठेवायचे आणि रिलेच्या आतल्या बाजूला दोन्ही चॅनेलचे डीसी मोजायचे. ५० मिलिव्होल्टच्या आत असतील तर ॲम्प्लिफायर ठीक, दोष रिलेच्या सर्किटमध्ये. एका बाजूला व्होल्ट दिसले तर त्या बाजूचे आउटपुट ट्रान्झिस्टर, त्यांना चालवणारे ड्रायव्हर आणि सुरुवातीची जोडी, या क्रमाने तपासायचे. उलट, ‘टक’ येते पण एका बाजूचा आवाज बारीक आहे आणि व्हॉल्यूम वाढवला की एकदम उघडतो, असे असेल तर रिलेची टोके काळी पडली आहेत. त्याला नवा रिले हे खरे औषध.

गुणगुणही बोलते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन प्रकारची गुणगुण होते. १०० हर्ट्झची, जरा चढी आणि करकरीत असेल तर रेक्टिफायरनंतरचे फिल्टर कपॅसिटर थकलेले. ५० हर्ट्झची, खोल आणि घुमणारी असेल तर अर्थिंगचा घोळ, रेकॉर्ड प्लेअरची सुटलेली ग्राउंड तार किंवा केबलचे तुटलेले जाळे. संगीत ऐकणाऱ्या माणसाला हा फरक पकडायला वेळ लागत नाही, कारण दोन्हींमध्ये बरोबर एका सप्तकाचे अंतर आहे. फुसफुस, चुरचुर, मधूनच तडतड असेल आणि ती व्हॉल्यूम शून्यावर आणूनही थांबत नसेल तर व्हॉल्यूमच्या पुढचा एखादा ट्रान्झिस्टर म्हातारा झाला आहे. २एससी४५८ आणि २एसए७२६ हे दोन यासाठी बदनाम आहेत. पहिल्याचे पाय चांदीचा मुलामा विटून काळे पडलेले दिसतात. दुसऱ्याच्या जागी केएसए९९२ बसतो. मात्र पायांचा क्रम मोजून पाहिल्याखेरीज नवा ट्रान्झिस्टर लावू नये.

भाग कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दोन्ही ठिकाणी जुन्या पिढीचे दुकानदार अजून आहेत. भागाचा नंबर सांगितला की न बघता खण उघडणारे. त्यांच्याशी ओळख करून घ्यावी. रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, रिले, अभ्रकाच्या चकत्या, थर्मल पेस्ट यांची अडचण येत नाही. अडचण आउटपुट ट्रान्झिस्टर आणि सॅन्योच्या एसटीके मॉड्यूलची आहे. मूळ कंपन्यांनी बनवणे थांबवले की त्या नावाचे नकली भाग येतात : बाहेर हवा तो नंबर छापलेला, आत त्याच्या निम्म्या कुवतीची चिप. आवाज कमी असताना चालतात, वाढवला की फुटतात. नकली ओळखायच्या खुणा पुस्तकात दिल्या आहेत, पण चांगला उपाय म्हणजे आजही उत्पादनात असलेला समकक्ष ट्रान्झिस्टर अधिकृत विक्रेत्याकडून घेणे आणि दोन्ही चॅनेलमध्ये एकाच वेळी बदलणे. जुन्या मोटारीच्या मूळ भागांसारखा हट्ट इथे धरू नये. संच गाण्यासाठी आहे, प्रदर्शनासाठी नाही.

नवे आउटपुट ट्रान्झिस्टर बसले की बायस लावायचा. संगीत नसतानाही त्यांच्यातून थोडा प्रवाह वाहत राहावा लागतो. नाही तर बारीक आवाजात सूर किरकिरे येतात. जास्त वाहिला तर ट्रान्झिस्टर तापून जातात. एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजून हा प्रवाह कळतो : ०.३३ ओहमच्या रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ३० मिलिॲम्पिअर. ज्या ट्रिमरने तो लावायचा तोच पन्नास वर्षांचा असतो. त्याची पट्टी मध्येच सुटली तर प्रवाह एकदम उसळतो. म्हणून आधी ट्रिमर नवा बसवायचा, तो सुरक्षित टोकाला ठेवायचा, सिरीज लॅम्पमधून चालू करायचे, सारे ठीक दिसले की बल्ब काढून दहा मिनिटे तापू द्यायचे आणि मग केसभर-केसभर फिरवायचे. मान दुखते, पण घाई करू नये. हीटसिंकवर हात ठेवून दोन्ही बाजू सारख्याच कोमट लागल्या की जे समाधान होते ते मी दुसऱ्या कोणत्या कामात अनुभवलेले नाही.

ट्यूनरचे प्रकरण शेवटी आहे आणि आखूड आहे. एफएमच्या भागात १०.७ मेगाहर्ट्झच्या आयएफ कॉइल असतात, त्यांच्या डोक्यावर स्क्रूसारखा फेराइटचा गाभा दिसतो, आणि तो फिरवायचा मोह फार होतो. सिग्नल जनरेटर नसेल तर त्याला हात लावू नये. कारखान्यात केलेली जुळणी पन्नास वर्षांनीही बहुधा चांगली टिकलेली असते. एकदा फिरवली की कानाने परत जागेवर आणता येत नाही. ट्यूनरमध्ये घरी करण्यासारखे काम म्हणजे दोरा, दिवे, स्विच आणि अँटेना. अँटेनासाठी ७५ सेंटिमीटरच्या दोन तारांचा साधा डायपोल खिडकीशी टांगला तरी फरक ऐकू येतो. अमेरिकेतून आलेल्या संचात ट्रेबलची भरपाई ७५ मायक्रोसेकंदांची असते, युरोपीय पद्धतीत ती ५० ची. त्यामुळे ५० च्या पद्धतीने होणारे प्रक्षेपण त्यावर किंचित मिटलेले वाटते. ट्यूनर बिघडलेला नसतो. दोन चॅनेलचे दोन कपॅसिटर बदलून हा फरक काढता येतो. डायलचे दिवे एलईडीचे करायचे की मूळचे तारेचेच ठेवायचे, यावर मी तारेच्या बाजूने आहे. मॅरेंट्झच्या निळ्या डायलचा रंग मागच्या उबदार दिव्यासाठी निवडलेला होता. एलईडीने तो फिकट, दवाखान्यासारखा होतो.

पुस्तकातली सर्किटे पुस्तकाच्या आकारामुळे लहान छापावी लागली आहेत. आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवून त्यातले मुख्य सर्किट झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्री कागदावर मोठे करून घ्यावे. डावे चॅनेल एका रंगाच्या पेन्सिलीने आणि उजवे दुसऱ्या रंगाने गिरवावे, प्लस आणि मायनस वीजवाहिन्या तिसऱ्या-चौथ्या रंगाने. एवढे करायला एक संध्याकाळ जाते, आणि ती संपेपर्यंत संचाचा बराचसा भाग आपल्याला पाठ झालेला असतो. मग पहिल्या प्रकरणातली तपासणी उरकून झाकणाचे स्क्रू काढावेत, ते एका वाटीत ठेवावेत, आतल्या प्रत्येक बोर्डाचा आहे त्या स्थितीत मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, मऊ ब्रशने धूळ झाडावी आणि पुढचे प्रकरण उघडावे.